रक्ताची खतावणी

रात्री घर निजले, रस्त्यावरची वाहने थांबली आणि पंखाही बंद असला, की माझ्या छातीतून एक बारीक आवाज ऐकू येतो. टिक्, टिक्. उशीखाली मनगटी घड्याळ ठेवून झोपावे तसा. मुक्कामाला आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना हमखास विचारतो, ‘‘तुमच्याकडे घड्याळ कुठे लावलेय हो? रात्रभर आवाज येत होता.’’ त्याने ऐकलेला असतो तो मी. १९९८ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, माझ्या हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप काढून तिथे यांत्रिक झडप बसवण्यात आली. तेव्हापासून ही टिकटिक सोबतीला आहे; आणि तिच्याबरोबर घरात आली ती एक गोळी. रोज संध्याकाळी सात वाजता, बातम्या लागल्या की मी ती घेतो. बोटांतून निसटली तर चष्मा लावून फरशीवर शोधावी लागते, एवढीशी.

ह्या गोळीविषयी लिहावे असे बरीच वर्षे मनात होते. धीर होत नव्हता, कारण मी डॉक्टर नव्हे. अडतीस वर्षे बँकेत आकड्यांशी झटण्यात गेली आणि उरल्यासुरल्या वेळात काही कादंबऱ्या लिहून झाल्या. म्हणजे औषधशास्त्रावर बोलण्याचा अधिकार शून्य. पण एखादे खाते पंचवीस वर्षांहून अधिक काळ ज्याने स्वतः चालवले आहे, त्याला त्या खात्यासंबंधी चार शब्द बोलायला हरकत नसावी. शिवाय एक फाईल माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. ती माझी नाही. तिच्याकडे मी शेवटी येणारच आहे.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. लोक ह्या औषधाला ‘रक्त पातळ करण्याची गोळी’ म्हणतात. डॉक्टरही रुग्णाला समजावे म्हणून तसेच सांगतात. शब्द सोपा आहे, पण घोटाळ्याचा आहे. दुधात पाणी घातले की दूध पातळ होते, वरणात घातले की वरण. रक्ताचे तसे काही होत नाही. ते जेवढे दाट होते तेवढेच राहते. फक्त गोठायला त्याला अधिक वेळ लागतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ‘रक्त पातळ झाल्यामुळेच मला थकवा येतो’ असा स्वतःच शोध लावला, गोळी बंद केली आणि बीट, खजूर, काळ्या मनुका असा ‘रक्त दाट करण्याचा’ खुराक सुरू केला. वेळेवर त्यांच्या मुलाच्या लक्षात आले म्हणून बरे. दुसरा घोटाळा ॲस्पिरिनचा. ‘मलाही ती रक्त पातळ करायची आहे’ असे सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर निम्मे लोक म्हणतात, आणि ते बहुधा ॲस्पिरिन घेत असतात. ते औषध रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. माझी गोळी वेगळ्या ठिकाणी काम करते, आणि तिचे चुकले तर परिणामही अधिक वाईट होतात.

ती काय करते ते बँकेच्या भाषेत सांगतो. रक्त गोठण्यासाठी लागणारी अनेक प्रथिने यकृत बनवते. त्यांतल्या चार प्रमुख प्रथिनांवर शेवटचा हात फिरवायला के जीवनसत्त्व लागते. ती जणू शेवटची सही. सहीशिवायचा चेक कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेला असला तरी वटत नाही. तशी ही प्रथिने रक्तात असूनही कामाला येत नाहीत. माझी गोळी सही करणाऱ्याच्या हातातले पेन काढून घेते. पुरते नव्हे, थोडेसे. दिवसाला शंभर चेकांवर सह्या व्हायच्या तिथे वीस-पंचवीसच व्हाव्यात, असे काहीसे. (ह्या जीवनसत्त्वाला ‘के’ हे अक्षर मिळाले ते जर्मन-डॅनिश भाषांतल्या रक्त गोठण्यासाठीच्या शब्दाच्या आद्याक्षरावरून. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी ते शोधले आणि १९४३ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला.)

ह्या औषधाच्या जन्माची कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्यातला कादंबरीकार हळहळला. असे कथानक आपल्याला का सुचले नाही? १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले, की रक्त थांबेचना. काही जनावरे तर बाहेर जखम नसताना आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत. तिथल्या पशुवैद्यांनी माग काढला. दोष निघाला चाऱ्यात, ‘स्वीट क्लोव्हर’ नावाच्या गवताच्या ओल्या राहून बुरशी आलेल्या पेंढ्यांत. पण त्यातले नेमके विष कोणते, ते कळत नव्हते. १९३३ सालच्या फेब्रुवारीत, हिमवादळात, विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी मेलेली कालवड, गोठत नसलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन आणि बुरशी लागलेले गवत गाडीत घालून जवळजवळ तीनशे किलोमीटर अंतर कापून मॅडिसनला पोचला. शनिवार होता, कचेऱ्या बंद होत्या. उघडे दार सापडले ते कार्ल पॉल लिंक ह्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचे. लिंक यांच्यापाशी त्या दिवशी सांगायला उपाय नव्हता. गवत बदला, जनावरांना दुसरे रक्त द्या, एवढेच ते म्हणू शकले. पण तो कॅन त्यांच्या डोक्यातून गेला नाही. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, त्यांच्या प्रयोगशाळेत त्या विषाचे स्फटिक वेगळे झाले.

पुढे ह्याच कुळातला अधिक जालीम पदार्थ त्यांनी उंदीर मारण्यासाठी निवडला. विस्कॉन्सिनच्या ज्या संशोधन प्रतिष्ठानाने पैसा पुरवला त्याची आद्याक्षरे घेऊन नाव ठेवले ‘वॉरफॅरिन’. १९४८ साली उंदराचे औषध म्हणून ते बाजारात आले. माणसाला द्यायला डॉक्टर धजावत नव्हते. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एका रंगरुटाने जीव देण्यासाठी ते पुष्कळ खाल्ले, आणि के जीवनसत्त्व दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. म्हणजे विषाला उतारा होता! १९५४ साली माणसांसाठी परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांना हेच औषध दिले गेले. बँकेत असताना तारण मालाची गोदामे तपासायला मी जात असे. कोपऱ्याकोपऱ्यांत उंदरांसाठी वड्या ठेवलेल्या असत. त्यांतल्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या माझ्या गोळीच्या सख्ख्या भावकीतल्या, हे कळल्यावर गोदामकीपरला मी एकदा म्हणालो, ‘‘अहो, ह्यातला थोडा भाग मीही रोज खातो.’’ त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी अजून विसरलेलो नाही.

आपल्याकडे वॉरफॅरिनपेक्षा त्याचे भावंड, ॲसिनोकुमॅरॉल, अधिक चालते. काम तेच. शरीरातून ते लवकर निघून जाते एवढा फरक. दिवसाच्या कटिंग चहाच्या आसपास खर्च. इतक्या स्वस्तात इतके मोठे काम करणारी औषधे फार नसतील. पण तिच्याबरोबर एक हिशेब येतो आणि माझे सगळे म्हणणे त्या हिशेबाविषयी आहे.

बहुतेक गोळ्यांचे माप ठरलेले असते. हिचे नाही. मला दोन मिलिग्रॅम लागते, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला चार लागत होते, एका आजींना एकही जास्त व्हायचे. रक्त काढायचे, गोठायला किती वेळ लागला ते पाहायचे आणि त्यावरून गोळी कमी-जास्त करायची, हा एकच मार्ग. पूर्वी ह्यातही गोंधळ होता. प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन वेगळे, त्यामुळे सोलापूरचे अठरा सेकंद आणि पुण्याचे अठरा सेकंद एक नसत. प्रत्येक बाजारपेठेचा शेर वेगळा असावा तसे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली सर्वांसाठी एक माप ठरवले. त्याला ‘आयएनआर’ म्हणतात. गोळी न घेणाऱ्या माणसाचे माप साधारण एक. माझ्या झडपेसाठी डॉक्टरांनी आखून दिलेली हद्द अडीच ते साडेतीन. (ही माझी हद्द, ज्याची त्याने आपल्या डॉक्टरांकडून घ्यावी.) त्याखाली गेले तर झडपेवर गुठळी धरते. ती तिथेच राहिली तर झडप अडकते, सुटली तर बहुधा मेंदूत जाते. वर गेले तर रक्त कुठूनही वाहू लागते, पोटात, मेंदूत, सांध्यात. दोन्ही बाजूंना दरी आणि मध्ये पाऊलवाट.

बँकेत आम्ही रोज संध्याकाळी रोकड जुळवत असू. एक रुपया कमी असला तरी घरी जाता येत नसे, आणि एक रुपया जास्त असला तरी. नव्या पोरांना ह्या दुसऱ्या गोष्टीचे नवल वाटे. ‘साहेब, जास्तच आहे ना?’ जास्त म्हणजे कुणाचे तरी कमी, हे त्यांना हळूहळू कळे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला आयएनआर समजावून सांगितला तेव्हा मला वाटले, हे तर आपलेच काम.

पण रक्ताची रोकड जुळवणे फार अवघड, कारण तिथे व्यवहार आपल्या नकळत होतात. पालक, मेथी, शेपू, अळू, कोथिंबीर, कोबी, ह्या सगळ्यांत के जीवनसत्त्व मुबलक. म्हणजे मेथीची जुडी घरात आली की सही करणाऱ्याला कुणीतरी दुसरे पेन आणून दिले. पहिली दोन वर्षे माझ्या पत्नीने घरातून हिरवा रंगच हद्दपार केला होता. पोह्यांवर कोथिंबीर नाही, आमटीत नाही. तिची स्वतःची आवडती अळूची भाजी तिने माझ्यामुळे सोडली. पुढे एका वयस्क डॉक्टरांनी आम्हाला वेड्यात काढले. ते म्हणाले, ‘‘वहिनी, भाजी बंद करू नका, रोज सारखी घाला. गोळी आपण भाजीप्रमाणे बसवू. भाजी गोळीप्रमाणे नको.’’ हे सांगायला कुणीतरी दोन वर्षे घेतली, ही मात्र खंत आहे. आमच्या मराठी घरात ‘रोज सारखी’ हे सोपे नसतेच. श्रावणी सोमवार, शनिवार म्हणजे साबुदाणा, मध्येच ऋषिपंचमीची भाजी, पितृपक्षात अळू. माझ्या वहीत पंचवीस वर्षांच्या नोंदी आहेत. पंचांग न पाहता त्या आकड्यांवरून मी सण ओळखून दाखवीन.

आणि औषधे. २००६ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. दाढ ठणकू लागली. दंतवैद्याने विचारले, ‘‘बीपी, शुगर काही?’’ मी म्हणालो, नाही. प्रश्नाला उत्तर बरोबर होते. त्याने नेहमीची दोन औषधे दिली, जंतुनाशक मेट्रोनिडॅझोल आणि एक वेदनाशामक. पहिले माझ्या गोळीची ताकद भलतीच वाढवते आणि दुसरे पोटाच्या अस्तराला दुखावते, हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. चौथ्या दिवशी रोकड बंद करताना नाकातून रक्त आले. थांबेना. लघवी काळ्या चहाच्या रंगाची. जिल्ह्याच्या गावी जीपने नेले तेव्हा आयएनआर आठच्या वर होता. के जीवनसत्त्व दिले, प्लाझ्मा चढवला. चार दिवसांनी उठलो. त्या दंतवैद्याला मी दोष देत नाही. तेव्हापासून मी केशकर्तनालयातही आधी गोळीचे सांगतो.

मी वाचलो कारण माझ्यापाशी जीप होती, पगार होता, बँकेची वैद्यकीय सवलत होती आणि आकडा ओळखण्याची विद्या होती. आता ती फाईल.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या एका शाखेत एक शिपाई होता. त्याच्या धाकट्या बहिणीला लहानपणी घसा सुजून ताप आला, मग गुडघे सुजले. तेच संधिवाताच्या तापाचे दुखणे, जे मलाही झाले होते. गर्दीच्या घरांत, घशाच्या साध्या संसर्गातून हे येते, वेळेवर पेनिसिलीन मिळाले तर टळते, आणि नाही मिळाले तर सांधे बरे होतात पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. २००९ साली, ती सतरा वर्षांची असताना, सरकारी मदतीतून तिची झडप बदलली गेली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. हे मुद्दाम लिहितो. चार लाखांचे काम एका भूमिहीन घरातल्या मुलीसाठी फुकट झाले, हे आपल्या राज्याला भूषणावह आहे.

फाईलमध्ये तिच्या नोंदी आहेत. पहिल्या वर्षी बारा. दोन पूर्णांक आठ, तीन पूर्णांक एक, एक पूर्णांक नऊ, पुन्हा दोन पूर्णांक सहा. शंभर किलोमीटर एसटीने जायचे, रक्त द्यायचे, दुपारपर्यंत थांबायचे, आकडा घेऊन डॉक्टरांना दाखवायचे, शेवटची गाडी पकडायची. तपासणीचे दोन-तीनशे रुपये. तिकीट वेगळे, बुडालेली मजुरी वेगळी, बरोबर येणाऱ्या भावाची रजा वेगळी. दुसऱ्या वर्षी नोंदी नऊ. मग पाच. २०१३ मध्ये तिचे लग्न झाले, ऊसतोडीला जाणाऱ्या घरात. मुकादमाकडून उचल घेतली की कोयता जोडीने जातो; बाईने घरी राहायचे म्हटले तर निम्मा कोयता. दिवाळीनंतर निघायचे ते मार्च-एप्रिलला परतायचे. गोळ्या ती बरोबर नेत असे, आकडा मात्र कोण काढणार? उसाच्या फडावर, कोपीत?

शेवटची नोंद ऑक्टोबर २०१५ ची आहे. त्याखाली कागद कोरा.

त्या हंगामात तिला दिवस गेले. कुणीतरी तिला सांगितले, ‘‘पोटात लेकरू असताना ही गोळी चालत नाही.’’ हे निम्मे खरे आहे, आणि म्हणूनच घातक. सुरुवातीच्या महिन्यांत हे औषध गर्भाला इजा करू शकते. पण म्हणून यांत्रिक झडप असलेल्या बाईचे रक्त वाऱ्यावर सोडता येत नाही. त्याऐवजी हेपॅरिनची इंजेक्शने द्यायची, की गोळीच कमी मापात ठेवायची, कोणत्या महिन्यात काय, हे हृदयाचे आणि प्रसूतीचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात, आणि त्यांनाही ते जड जाते. तिच्यासाठी कुणीच बसले नाही. तिने गोळी सोडली. बाळासाठी सोडली. जानेवारी २०१६ मध्ये एका पहाटे मोळी उचलताना ती बसली ती उठली नाही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बाळ राहिले नाही. ती जगली. तेव्हा ती २४ वर्षांची होती.

भावाने ती फाईल माझ्या टेबलावर ठेवली ती उपचारांसाठी कर्ज मिळेल का हे विचारायला. मी नोंदी चाळल्या आणि माझ्यातला बँकवाला आधी जागा झाला, ह्याची आजही लाज वाटते. पण जे दिसले ते दिसले. बँकेत एखाद्या खात्यात दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय ठरते; पण त्याआधी खातेदाराला पत्र जाते, शोध घ्यावा लागतो, रिझर्व्ह बँकेचा तसा दंडक आहे. तीनशे रुपये शिल्लक असलेल्या खात्यासाठीही. ह्या मुलीच्या खात्यात महिनोन् महिने नोंद नव्हती. तिला कुणीही पत्र पाठवले नाही. पाठवण्याचे काम कुणाचेच नव्हते.

ह्यावर शहरातले माझे स्नेही म्हणतात, आता नव्या गोळ्या आल्या आहेत, त्यांना तपासणी लागत नाही. खरे आहे. डॅबिगॅट्रान २०१० साली अमेरिकेत मंजूर झाले, मागोमाग रिव्हरॉक्सॅबान, ॲपिक्सॅबान आली. आपल्याकडे पेटंटे संपल्यावर ती स्वस्तही झाली. माझे थोरले बंधू त्यांतलीच एक घेतात. त्यांच्या हृदयाची लय बिघडलेली आहे, झडपा धड आहेत. ते पालक खातात, रक्त देत नाहीत, आणि माझ्याकडे बघून हसतात. अशा रुग्णांना ह्या गोळ्यांनी मोठा दिलासा दिला ह्यात शंका नाही. पण यांत्रिक झडपेच्या रुग्णांवर डॅबिगॅट्रानची चाचणी झाली ती गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मध्येच थांबवावी लागली; २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या आणि लय बिघडलेल्या रुग्णांवर ‘इन्व्हिक्टस’ नावाची चाचणी झाली, आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत, साडेचार हजारांच्या आसपास रुग्णांवर. नवी गोळी निदान जुनीच्या बरोबरीची ठरेल अशी अपेक्षा होती. २०२२ मध्ये निकाल लागला तो उलटा: जुन्या गोळीवरचे रुग्ण कमी दगावले. का, ह्याची चर्चा तज्ज्ञांत झाली. जुन्या गोळीवरच्या रुग्णाला आकड्यासाठी दर महिन्याला कुणापुढे तरी जाऊन बसावे लागते, ह्याचाही त्यात वाटा असेल का, असा एक प्रश्न विचारला गेला. उत्तर मला ठाऊक असण्याचे कारण नाही. प्रश्न मात्र आवडला.

मग जनावरांच्या ऊतींची झडप बसवा, तिला जन्मभर गोळी लागत नाही, असेही सुचवले जाते. उतारवयात ते ठीक. तरुण शरीरात ती लवकर झिजते, दहा-पंधरा वर्षांत पुन्हा छाती उघडावी लागते. सतरा वर्षांच्या मुलीपुढे ही निवड ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, हे माझे भाग्य.

तात्पर्य, आपल्या देशातल्या गरीब घरांतल्या हृदयरुग्णांना अजून बरीच वर्षे ही जुनी गोळी आणि तिचा आकडा ह्यांच्यासोबतच राहायचे आहे. मग आकडा त्यांच्या जवळ का नसावा? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांत्रिक झडप देशात बनवली. १९९० च्या डिसेंबरात ती पहिल्यांदा रुग्णाला बसली आणि परदेशी झडपेच्या तुलनेत पुष्कळ स्वस्तात मिळू लागली. ज्या देशाने झडप बनवली त्याला वही बनवता येऊ नये?

हॉलंडमध्ये १९४९ पासून ह्या कामासाठी वेगळ्या सेवा आहेत. आपल्यासारखेच ॲसिनोकुमॅरॉल तिथेही चालते. सेवेचा माणूस ठरल्या दिवशी रक्त घेतो, चालता न येणाऱ्यांच्या घरी जातो, आणि पुढच्या तपासणीपर्यंत रोज किती गोळी ह्याचे वेळापत्रक रुग्णाला पोचते. रुग्ण आला नाही की सेवेला कळते. श्रीमंत देशाची चैन म्हणून हे सोडून देऊ नका. ह्यात महाग असे काय आहे? एक रक्ताचा थेंब, एक वही आणि वही उघडून पाहणारा एक मनुष्य.

माझे मागणे असे आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचा एक दिवस ह्या तपासणीचा असावा. बाजाराचा दिवस असेल तर उत्तम, लोक तसेही येतात. बोटाला टोचून जागच्या जागी आकडा सांगणारी लहान यंत्रे आता मिळतात. रुग्णाच्या हातात पासबुकासारखी छोटी वही द्यावी, तिच्यावर झडपेचा प्रकार, हद्द, गोळीचे माप आणि टाळायची औषधे मराठीत ठळक छापलेली. आणि ती वही कुठल्याही शाखेत चालावी, बीडची मुलगी सांगलीच्या फडावर असली तरी. तारीख चुकली तर आशाताईंनी फोन करावा. रुग्ण शोधायचे कुठे, असे मला एका अधिकाऱ्यांनी विचारले. ज्या योजनेने, म्हणजे आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने, त्यांच्या झडपा बदलल्या, तिच्याच दप्तरात त्यांची नावे आहेत! शस्त्रक्रियेनंतर योजनेचा पाठपुरावा काही काळ मिळतो. झडप मात्र जन्मभराची असते. ते म्हणाले, कागदावर लिहून द्या. दिले आहे. पोच आहे माझ्याकडे.

त्या मुलीचे खाते मी २०१६ पासून माझ्या वहीच्या मागच्या पानांवर ठेवतो. गोळी कमी-जास्त डॉक्टरच करतात. मी फक्त तारखा सांभाळतो. तारखेला फोन आला नाही तर मी करतो. तिची वाचा थोडी परतली आहे. उजव्या हाताने वस्तू धरता येत नाही, डाव्याने भाकरी थापते. ह्या महिन्यात भावाचा फोन दोन दिवस आधीच आला.

‘‘साहेब, दोन पॉइंट सात.’’

‘‘छान. गोळी आहे तीच का?’’

‘‘डाक्टर म्हणले, आहे तीच. ताई इचारतीय, सायबांचा किती आला?’’

माझा अजून काढायचा होता. तसे मी त्याला सांगितले. पलीकडून तिचा आवाज आला, तुटक, एकेक अक्षर वेचत. मला नीट कळला नाही, म्हणून भावाने सांगितले. ‘‘ती म्हणतीय, उद्याच जा म्हणून.’’